बांधकामावर अपघात झाला तर: पहिल्या केसपेपरपासून भरपाईच्या वसुलीपर्यंत

स्लॅबवरून पडलेल्या मजुराला दवाखान्यात नेलं की डॉक्टर आधी विचारतात, "कसं लागलं?" मजूर कळवळत असतो, म्हणून उत्तर सोबत आलेला मुकादम देतो: "घरी पडला", नाहीतर "गाडीवरून घसरला". ही एक ओळ केसपेपरवर चढली की भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो. पुढे वकील कितीही चांगला मिळाला तरी समोरची बाजू तोच कागद पुढे करते. म्हणून दवाखान्यात घरचं माणूस किंवा सोबतचा मजूर हजर असलाच पाहिजे, आणि त्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: "अमुक गावात, अमुक ठेकेदाराच्या कामावर, परांचीवरून पडला." लिहून झाल्यावर ती ओळ वाचून दाखवायला सांगा.

पण त्याआधी माणूस नीट दवाखान्यात पोहोचायला हवा. उंचावरून पडलेल्याला दोघांनी हातपाय धरून उचलायचं नाही आणि दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच न्यायचं नाही. मणका मोडलेला असेल तर अशा उचलण्यानेच मज्जारज्जूला इजा होऊ शकते आणि कमरेखालचं अंग कायमचं जाऊ शकतं. सेंट्रिंगची प्लाय किंवा रुंद फळी घ्या, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून त्याला फळीवर सरकवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले कपडे लावा आणि १०८ ला फोन करा. कटरने बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा, चोळू नका.

जवळचा दवाखाना खाजगी असला तरी चालेल. पोलीस येईपर्यंत थांबा म्हणून जखमीला कोणी परत पाठवू शकत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद, झाली की नाही ते विचारून तिचा नंबर लिहून घ्या. ग्रामीण रुग्णालयातून नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला (तिथली मोठी सरकारी रुग्णालयं) पाठवलं तर रेफर चिठ्ठीची झेरॉक्स आधी काढा. मूळ कागद पुढच्या दवाखान्यात जमा होतो आणि मग सापडत नाही.

पहिल्या आठवड्यात पुरावा गोळा करा

गावाकडच्या कामात नेमणूकपत्र नसतं आणि हजेरीची वही ठेकेदाराच्या खिशात असते. अपघात झाला की पहिल्यांदा ती वहीच गायब होते. "हा माझ्याकडे कामालाच नव्हता" हे ठेकेदाराचं नेहमीचं उत्तर. त्याला तोडणारे पुरावे रोजच्या वापरातलेच असतात: फोनवर आलेले मजुरीचे पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे "उद्या सात वाजता स्लॅब आहे" असे निरोप, ठेकेदाराच्या कॉलची यादी, कामावर काढलेले फोटो. यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याच्या फोनवरही पाठवून ठेवा. सोबतच्या दोन-तीन मजुरांची नावं, गाव आणि नंबर लिहा. ते चार दिवसांनी दुसऱ्या साइटवर निघून जातात.

मग जागेचे फोटो. तुटलेली बल्ली, निसटलेली फळी, कठडा नसलेली कड, उघडी वायर. दुसऱ्या दिवशी सगळं नीट केलेलं असतं, म्हणून त्याच संध्याकाळी कोणाला तरी पाठवा. सरकारी काम असेल तर कामाच्या फलकाचा फोटो सगळ्यात मोलाचा. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार आणि अंदाजपत्रकी रक्कम असते. फलक नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून त्या कामाचा कार्यादेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा आणि त्याने काढलेल्या मजूर विम्याची पॉलिसी मागा. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. विम्याची प्रत मिळाली तर विमा कंपनीलाही दाव्यात पक्षकार करता येतं आणि पैसे मिळणं बरंच सोपं होतं.

नवरा-बायको जोडीने कामाला असले की मजुरी बहुधा नवऱ्याच्या हातात येते आणि बाईचं नाव कुठेच नसतं. रेजा म्हणून काम करणाऱ्या बाईला इजा झाली तर ती स्वतंत्र कामगार आहे आणि तिचा दावाही स्वतंत्र आहे. तिची रोजची मजुरी किती, हे साक्षीदारांच्या तोंडून वेगळं नोंदवून घ्या.

मृत्यू झाला किंवा गंभीर दुखापत झाली तर पोलिसांत तक्रार द्या. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, जखमी झाल्यास कलम १२५. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. शवविच्छेदन टाळू नका. घाईत अंत्यविधी उरकला की मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड होतं.

पैसे कोणाकडे मागायचे

१९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा या विषयाचा पाया आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. त्याआधीच्या अपघाताचा दावा जुन्या कायद्याखाली, नंतरचा संहितेखाली. अर्जाच्या डोक्यावर बरोबर नाव घाला. हिशोबाची रीत आणि मुदत दोन्हींत सारखीच आहे.

या कायद्यात चूक कोणाची हा प्रश्न मुळात येत नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली, एवढं पुरे. "तो बेसावध होता" म्हणून भरपाई नाकारता येत नाही. नशा केली होती, किंवा दिलेली सुरक्षेची साधनं मुद्दाम काढून टाकली, असा बचाव मालकाला घेता येतो, पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही चालत नाही. हेल्मेट आणि पट्टा दिलाच नसेल तर "का घातला नाही" हे विचारायचा ठेकेदाराला अधिकार नाही.

मोठ्या ठेकेदाराने पेटी कॉन्ट्रॅक्टर (हाताखालचा छोटा ठेकेदार) ठेवला आणि त्याने मजूर आणले, तर मजूर थेट मोठ्या ठेकेदाराकडे भरपाई मागू शकतो. काम जिल्हा परिषदेचं, ग्रामपंचायतीचं किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचं असेल तर त्या कार्यालयालाही पक्षकार करता येतं, कारण शासकीय विभागाचं कामकाज या कायद्यापुरतं त्याचा व्यवसायच मानलं जातं. स्वतःचं घर बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने ठेकेदाराला काम दिलं असेल तर जबाबदारी ठेकेदाराची. पण त्याने स्वतः रोजाने मजूर लावले असतील तर तोच मालक ठरतो. विहिरीच्या खोदकामातही हेच: खोदकाम बारा फुटांपेक्षा खोल गेलं किंवा सुरुंग लावले की ते काम कायद्याच्या यादीत येतं, म्हणजे भरपाईचा कायदा त्याला लागू होतो.

एक अपवाद आधीच तपासा. मजुरीतून ०.७५ टक्के ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल तर तुमचा हक्क ईएसआयकडे आहे. मग मालकाविरुद्ध हा दावा चालत नाही.

किती रक्कम

महिन्याची मजुरी कितीही असली तरी हिशोबासाठी ती १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. अर्ज करण्याआधी सध्या लागू असलेला आकडा कामगार कार्यालयात विचारून घ्या. वयानुसार एक गुणांक ठरलेला असतो: २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७.

५०० रुपये रोजाने काम करणारा ३५ वर्षांचा गवंडी घ्या. मृत्यू झाल्यास १५,००० चे ५० टक्के, म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६. वारसांना १४,७७,९५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६. १७,७३,५४० रुपये. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के नुकसान धरलं आहे, म्हणून शेवटच्या रकमेच्या ३० टक्के: ५,३२,०६२ रुपये. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के.

मणका, खुबा, गुडघा अशा इजा परिशिष्टात नाहीत. तिथे डॉक्टरने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लिहायचं असतं, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र शरीराचं अपंगत्व सांगतं. कमाईचं नुकसान त्यापेक्षा बरंच जास्त असू शकतं. पाय ३० टक्के अधू झालेला माणूस दुकानात बसू शकेल, पण परांचीवर चढू शकणार नाही. कोपराच्या वरपासून डावा हात गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये नुकसान शंभर टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टरांकडे जाताना तुम्ही नेमकं काय काम करत होता ते लिहून न्या आणि प्रमाणपत्रात "हे काम आता करू शकत नाही" अशी नोंद मागा.

हाड जुळेपर्यंत घरी बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के मिळतात; वरच्या गवंड्याला ३,७५० रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. "दवाखान्यात दीड लाख लावले, आता काय राहिलं?" असं ठेकेदार म्हणाला तरी उपचारावर केलेला खर्च भरपाईतून वजा होत नाही. औषधांची प्रत्येक पावती जपा.

नोटीस आणि दावा

ठेकेदाराला लेखी नोटीस लवकरात लवकर द्या. मजकूर साधा असावा: "मी आपल्या अमुक येथील कामावर रोज ५०० रुपये मजुरीने सेंट्रिंगचं काम करत होतो. अमुक तारखेला दुपारी तीनच्या सुमारास परांचीची फळी निसटून अंदाजे १४ फुटांवरून पडलो. कमरेला इजा झाली असून अमुक रुग्णालयात उपचार सुरू आहेत. कायद्याप्रमाणे भरपाई, उपचाराचा खर्च आणि पंधरवड्याची रक्कम द्यावी." स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती सांभाळा. नोटीस राहून गेली, पण मालकाला अपघात माहीत होता, तर दावा त्यामुळे बुडत नाही.

दाव्याची मुदत मात्र दोन वर्षं, अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून. "आज देतो, उद्या देतो" मध्ये तीच निघून जाते. अर्ज कामगार भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे. तुमच्या जिल्ह्यात हे काम कोणत्या न्यायालयात चालतं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सांगेल. तिथेच मोफत वकीलही मिळतो; महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. मेळघाटातला मजूर पुण्यात पडला तरी दावा त्याला स्वतःच्या जिल्ह्यात लावता येतो. तारखांसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

स्टॅम्पवर अंगठा देऊ नका. "पन्नास हजार मिळाले, माझी तक्रार नाही" असा कागद भरपाईचा हक्क संपवू शकत नाही, कायदाच तसा करार रद्द धरतो. पण तो कागद समोर आला की प्रकरण लांबतं. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर रोख ठेवून ठेकेदाराची सुटका होत नाही. रक्कम महिनाभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर केला असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात दोन्ही मागा. मागणी केली नाही की आदेशात ती राहून जाते.

कल्याणकारी मंडळाची मदत वेगळी

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. हा पैसा बांधकामावरच्या १ टक्का उपकरातून येतो, ठेकेदाराच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही. दोन्हींसाठी अर्ज करा. नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, याचा दाखला लागतो. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि अनेक कुटुंबांचा अर्ज त्या एका चुकलेल्या नूतनीकरणामुळेच परत येतो. मजुराने आजच आपल्या कार्डावरची तारीख पाहावी.

आदेश झाला आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर वसुलीसाठी त्याच प्राधिकाऱ्याकडे पुन्हा अर्ज द्या. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे तहसीलदार ठेकेदाराची मालमत्ता जप्त करू शकतो. म्हणून ठेकेदाराचं शेत, प्लॉट, ट्रॅक्टर, मिक्सर कुठे आणि कोणाच्या नावावर आहे, ते सातबारा आणि गाडीच्या नंबरासह अर्जाला जोडा. तो उच्च न्यायालयात अपिलात गेला, तरी आधी पूर्ण रक्कम जमा केल्याची पावती त्याला लावावी लागते.