माव्यावर फवारण्याआधी ममी बघा

करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका, आधी कडेच्या ओळीतली चार-दोन झाडं नीट बघा, शेंड्याचं पान उलटं करून, मोबाईलचा कॅमेरा झूम करून. माव्यात एखादा फुगलेला, कडक, तपकिरी दाणा दिसला अन बोटानं ढकलून हालला नाही तर ती ममी, म्हणजे मेलेल्या माव्याचं कवच, आत परजीवी माशीचं पिल्लू वाढतंय. गोल भोक पडलेलं असेल तर माशी निघून गेली.

ही माशी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची बारकी गांधील, चावत बिवत नाही. माव्याच्या चिकट गोडाचा वास घेत येते, मिशांनी एकेकाला चाचपते, बहुतेक वेळा माव्याचं मधल्या वयाचं पिल्लू निवडते, आधीच कोणी अंडं घातलेलं असेल तर बऱ्याचदा सोडून देते. आवडलं की पोट पायांखालून पुढं वाकवून टोचते अन आत अंडं घालते, क्षणात काम! मावा लाथा झाडतो, त्यात कधी सुटतोही.

ममी भरपूर दिसल्या तर थांबा, दोन-तीन दिवसांनी परत बघा. फवारायचंच असेल तर फक्त मावा लागलेल्या पट्ट्यात, अन बांधावरची कोथिंबीर-बडीशेप फुलू द्या, माशीला मध लागतो.