तिळ्यांचे पहिले तीन महिने: घर कसे लावावे

तिळी बाळे बहुधा पूर्ण दिवसांची नसतात. बरीचशी ३२ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान जन्मतात, वजन दोन किलोच्या आतबाहेर असते आणि काही दिवस काचेच्या पेटीत काढून ती घरी येतात, तीही अनेकदा एकाच दिवशी नव्हे. माझ्या लेकीच्या दोन मुली आणि एक मुलगा असेच अकरा दिवसांच्या अंतराने आमच्या घरी आले. एका बाळाच्या बाळंतपणाचा अनुभव येथे पुरत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले, म्हणून आम्हाला जे उपयोगी पडले ते सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशेब मांडावा. कमी वजनाच्या बाळाला दोन ते तीन तासांनी दूध लागते, म्हणजे दिवसाकाठी किमान आठ वेळा; तिघांचे मिळून २४ वेळा. पाजणे, ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे यांस मिळून दर वेळी अर्धा तास धरला तरी १२ तास झाले, आणि त्यात दूध काढणे, भांडी उकळणे, धुणे यांपैकी काहीच आलेले नाही. एकट्या बाळंतिणीने हे पार पाडावे अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. बाळे घरी येण्यापूर्वीच दिवसा दोन आणि रात्री किमान एक माणूस कोण, हे नावानिशी ठरवावे. ‘लागेल तेव्हा येऊ’ असे म्हणणारे नातेवाईक मनाने चांगले असतात. परंतु ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक’ असे सांगणारी मावशी खरी उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट वहीची. दोरीने बांधलेल्या पेनासह एक मोठी वही पाळण्याजवळ ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत: दूध कधी व किती घेतले, शी-शू केव्हा झाली, कोणते औषध दिले. आमच्याकडे सुरुवातीला ही वही नव्हती. एका पहाटे मी धाकट्या नातीला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि तासाभराने जावयांनी तेच थेंब तिला पुन्हा दिले. डॉक्टरांनी फोनवर धीर दिला, तिला काही झाले नाही, पण ती सकाळ मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून प्रत्येकाची औषधाची बाटली वेगळी, तिच्यावर नावाची पट्टी, आणि आधी वहीत खूण करून मगच थेंब द्यायचे, असा नियम झाला. लोहाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला अंदाजाने कधीही देऊ नये. बाळे सारखी दिसत असतील तर पायाच्या एकाच अंगठ्याच्या नखाला वेगवेगळ्या रंगाचे नेलपॉलिश लावावे; कपड्यांच्या रंगावर विसंबू नये, कारण कपडे बदलतात.

दूध पाजताना एक उठले की उरलेल्या दोघांनाही उठवावे. झोपलेल्या बाळाला उठवणे जिवावर येते, पण तसे न केल्यास एकाचे पाजणे संपते तोच दुसऱ्याचे सुरू होते आणि आईला उसंतच राहत नाही. दोघांना दोन्ही अंगांवर आणि तिसऱ्याला काढलेले दूध, असा क्रम ठेवून दर वेळी तिसरा बदलावा. काढलेले दूध बाटलीपेक्षा बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजणे बरे. बोंडले दर वेळी साबणाने घासून वीस मिनिटे उकळावे. बाळाला अर्धवट बसते धरावे, बोंडल्याचे टोक खालच्या ओठाच्या कडेला टेकवावे आणि दूध तोंडात न ओतता जिभेने ते ओढून घेण्याची वाट पाहावी. पहिल्या आठवड्यात माझा हात थरथरत असे. पुढे बाळाच्या गिळण्याची लय हाताला कळू लागली. दूध कमी पडल्यास त्यात पाणी घालू नये आणि आईला दोष देऊ नये. वरचे दूध कोणते व किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रात्रीचे दोन भाग करावेत आणि त्यांतील एका भागात आईला सलग चार तास झोप मिळेल, अशी सोय करावी. त्या वेळेचे दूध आधी काढून ठेवावे, तिची खोली वेगळी असावी आणि दार लोटलेले असावे. डिंकाचे आणि अहळिवाचे लाडू घरोघरी होतात. या झोपेची मात्र कोणी तजवीज करत नाही, आणि मला ती लाडवांहून महत्त्वाची वाटते. दोन आठवड्यांनंतरही ती सतत रडत असेल किंवा बाळांकडे पाहावेसे वाटत नाही असे म्हणत असेल, तर ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे.

उबेसाठी शेगडी आणि धुरी नको. धुराने या नाजूक फुप्फुसांना त्रास होतो. टोपडे, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळाला उघड्या छातीशी उभे धरून वरून पांघरूण घ्यावे आणि सलग तासभर तरी तसेच बसावे. हे वडिलांनी, आजोबांनीही करावे. आमच्याकडे संध्याकाळी तीन खुर्च्यांवर तीन माणसे अशी बसत. गुटी, मध, काजळ टाळावे. भेटायला येणाऱ्यांना महिना-दीड महिना थांबण्याची विनंती करावी. बारसे थोडे लांबले तरी चालते.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र लांबवू नये. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते, कारण वेळ टळल्यास दृष्टी जाऊ शकते. लसी जन्मतारखेप्रमाणेच, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी द्याव्यात. बाळाने दूध ओढणे सोडले, श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार किंवा तापलेले लागले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; १०८ क्रमांक दारामागे लिहून ठेवावा.

वाढीचा हिशेब करताना जेवढे आठवडे आधी जन्म झाला तेवढे वयातून वजा करावेत आणि तिघांची आपसांत तुलना करू नये. आमच्याकडे नातवाने मान आधी सावरली, थोरलीने त्यानंतर तीन आठवड्यांनी आणि धाकटीने सर्वांत शेवटी, साडेपाच महिन्यांची असताना. तिन्ही तारखा वहीत आहेत.