पाच-सहा-सात वाजता दुखतं: ऑनलाइन थेरपी घ्यायची कशी

आमचं घर मागावर आहे. खाली आठ यंत्रमाग, वर आम्ही पाच माणसं. इचलकरंजीत असं घर असलेल्यांना माहीत आहे, माग चालू असताना एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, आठही वर्षं मी त्या खटखटीला शिव्या दिल्या. शेवटी तिच्याच आडोशाला बसून माझी थेरपी झाली.

दुखणं कसलं, ते आधी सांगते. योनीच्या तोंडाशी आग. मिरची चिरलेला हात लागावा तशी चरचर. अ‍ॅक्टिव्हावर बसलं की, घट्ट सलवार घातली की. आणि संबंधाच्या वेळी तर विचारूच नका. जखम नाही, अंगावरून जाणं नाही, लघवीचा रिपोर्ट साफ. चार वर्षं अंगावर काढलं. बुरशीच्या गोळ्या आणि क्रीमं इतकी झाली की मेडिकलवाला न विचारताच काढून द्यायचा. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे, मन कशात तरी रमवा." तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कापूस लावलेली काडी एकेका जागी हलकेच टेकवत विचारलं, "इथे? इथे?" एका जागी मी टेबलावरून उडालेच. त्यांनी नाव सांगितलं, वल्व्होडायनिया. दिसणारं कारण न सापडता योनीमुखाशी तीन महिने किंवा जास्त दुखत राहिलं, तर त्याला हे नाव देतात.

म्हणून पहिलं काम हे: थेरपिस्ट शोधण्याआधी एकदा नीट तपासून घ्या. पांढरे चट्टे, सतत खाज, फोड, गाठ, पाळी नसताना रक्त, यातलं काही असेल तर त्याचा उपचार वेगळा असतो आणि तो बोलण्याने होत नाही. टीव्हीवर जाहिरात येते ते 'खास' वॉशही त्या दिवसापासून बंद करा. साधं पाणी पुरतं.

डॉक्टरीणबाईंनी सायकॉलॉजिस्टचं नाव काढलं तेव्हा मला राग आला होता. म्हणजे मी नाटक करते? त्याचं उत्तर पुढे मला मागानेच दिलं. विणताना आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्यासाठी त्यात एक काटा असतो. तो काटा कधीकधी इतका हळवा होतो की धागा शाबूत असतानाच माग थांबतो. मग कापड कितीही उलटंपालटं करून बघा, तुटलेला धागा सापडायचा नाही. माग मात्र खरंच बंद पडलेला असतो. आमच्या नसांचं तसंच होतं. दुखलं की भीती बसते, भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळतात, आवळलेल्या जागेवर जरा स्पर्श झाला की आणखी दुखतं. त्या काट्याला पुन्हा ताळ्यावर आणायची कामं औषध, फिजिओथेरपी आणि थेरपी मिळून करतात.

हे मोबाइलवर जमतं का? स्वीडनमध्ये 99 बायकांवर सहा आठवड्यांचा इंटरनेटवरचा थेरपीचा कार्यक्रम करून पाहिला, 2022 साली त्याचा निकाल छापून आला. तो घेतलेल्या बायकांचं संबंधाच्या वेळचं दुखणं, उपचाराची नुसती वाट पाहत थांबलेल्या बायकांपेक्षा कमी झालं होतं. मला मात्र आकड्यांपेक्षा एवढंच पुरेसं होतं की पुण्यातली थेरपिस्ट मला घरी बसून मिळत होती आणि कोल्हापूरच्या एसटीच्या सीटवर तास-दीड तास बसावं लागणार नव्हतं.

थेरपिस्ट निवडताना मी एकदा फसले. पहिल्या बाई दोन सेशन मला 'नवऱ्याला खूश ठेवा' हेच समजावत होत्या. तिसऱ्या वेळी मी गेलेच नाही. तुम्हीही जाऊ नका, भिडेखातर पैसे भरू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदलेले असतात. तो नोंदणी क्रमांक सरळ मागायचा आणि परिषदेच्या वेबसाइटवर तपासायचा. नुसतं 'काउन्सेलर' कुणीही लावतं. सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम डॉक्टरांचं. डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी दिली आणि गूगलवर ती डिप्रेशनची निघाली, तर दचकू नका. नसांच्या दुखण्यासाठी तीच औषधं कमी मात्रेत देतात.

फोनवर पहिल्यांदा बोलायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी मेसेज केला. तसाच देते, हवा तर उचला: "नमस्कार मॅडम. मला चार वर्षांपासून योनीमुखाशी आग आणि दुखणं आहे. डॉक्टरांनी वल्व्होडायनिया सांगितलंय. अशा दुखण्याच्या पेशंटबरोबर तुम्ही काम केलंय का? सेशन मराठीत होईल का? फी किती आणि किती सेशन लागतील?" दुसऱ्या बाईंचं उत्तर आलं, "हो, केलंय. बारा सेशन धरून चालू, चौथ्यानंतर दोघी मिळून ठरवू." फी दर वेळी 1200 रुपये. खिशाला लागेल एवढी होती, पण आधीची क्रीमं मोजली तर तीही काही स्वस्त पडली नव्हती.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. या थेरपीत कॅमेऱ्यासमोर कपडे काढायचे नसतात, फोटो पाठवायचे नसतात. कुणी मागितले तर तिथेच फोन कापा.

जागेचं आणि वेळेचं आधीच ठरवा. घरी मी 'टॅलीचा ऑनलाइन क्लास' सांगितलं होतं. खोटं बोलण्याचा अभिमान नाही, पण मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे ते खपलं. माझं बोलणं घरात कुणाला ऐकू जात नव्हतं, तसं मॅडमनाही जाईना, त्यांना नुसतं खट-खट-खट. तोंडाजवळ माइक असलेला वायरचा इअरफोन घेतला तेव्हा प्रश्न सुटला. माग बंद असतील त्या दिवशी मी गच्चीवर टाकीमागे बसायचे. मेसेज स्क्रीनवर झळकणार नाहीत अशी सेटिंग करा आणि पैसे कुणाच्या खात्यातून जाणार तेही बघा.

पहिल्या सेशनला मी सारखी 'तिथे' म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "तिथे म्हणजे कुठे?" मला शब्दच नव्हता. शाळेतल्या पुस्तकातला उच्चारायची लाज, शिवीतला तर तोंडातच येईना. त्यांनी स्क्रीनवर एक चित्र काढलं आणि म्हणाल्या, "हे घड्याळ समजा. वर बारा, खाली गुदद्वाराच्या बाजूला सहा. किती वाजता दुखतं?" मी म्हटलं, "पाच, सहा, सात." चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी नेमकी जागा सांगितली. रडले त्या दिवशी. वेळ संपत आली होती तरी त्यांनी घाई केली नाही.

पुढचं काम वहीतलं होतं. रोज तीन ओळी: दुखणं दहापैकी किती, आधी काय झालं, मनात काय आलं. तिसऱ्या आठवड्यात दिसलं की हिशेबाच्या महिनाअखेरीला आकडा चढतो आणि तेव्हा माझे दातही आवळलेले असतात. मग श्वास: पोट फुगवत आत घ्यायचा, सोडताना जबडा सैल, त्याबरोबर खालचा भाग सैल, लघवी सुरू होताना होतो तसा. यूट्यूबवर बघून मी आधी उलटंच करत होते, आवळायचे व्यायाम. स्नायू आधीच ताठ असतील तर त्यांनी दुखणं वाढू शकतं, म्हणून पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका.

सगळ्यात अवघड होती भीतीची पायरी. आधी नुसतं आरशात बघायचं. मग बाहेरून बोट टेकवून दहा श्वास. मग पुढचं. चौथ्या आठवड्यात दुखणं वाढलं, मी सोडायच्या बेतात होते. एक पायरी मागे या, म्हणाल्या. आले, आणि जमलं.

पाचव्या सेशनला नवऱ्याला बसवलं. तो पूर्ण वेळ इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत होता. ठरलं ते असं: दोन महिने संबंध बंद, जवळ झोपणं चालू. त्याला वाटत होतं मला तो नकोसा झालाय. हे त्याने मला घरात कधीच सांगितलं नव्हतं.

मध्येच कधी जीव नकोसा झाला, रात्री कुणी नसलं, तर टेली मानस या मानसिक मदतीच्या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत, मराठीतही बोलता येतं. या दुखण्याची पूर्ण थेरपी तिथे होणार नाही, पण ती रात्र निघते.

माझा आकडा आठवरून तीनवर आलाय. पाळीच्या आधी पाचला जातो, तेव्हा वही पुन्हा काढते. आणि ते घड्याळ घरात राहिलंच. परवा जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "आज सहाचं सुरू झालंय." तो मान हलवून गप्प जेवत राहिला. सासूबाई मात्र हातातली भाकरी ताटात टाकून उठल्या, "अगं, मग सांगायचं नाही का! बॅरल रिकामंच आहे," आणि नळाकडे धावल्या.