हवा-मातीचे नमुने घेताना या चुका टाळा

रिपोर्टमधला आकडा पटला नाही की लोक आधी प्रयोगशाळेवर संशय घेतात. मी आधी नमुना कुठून कसा आला ते विचारतो. घोळ बहुतेक वेळा गच्चीवर, डिकीत नाहीतर घमेल्यात झालेला असतो.

चेंबूरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर आम्ही बेंझिन या विषारी वाफेसाठी कोळशाच्या नळ्या (हवा आत ओढली की कोळसा ती वाफ धरून ठेवतो) लावल्या होत्या. आकडा भरपूर आला. रिफायनऱ्या जवळच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मग कोरी नळी तपासली, म्हणजे नुसती नेली-आणलेली, हवा न ओढलेली. तिच्यातही बेंझिन! सगळ्या नळ्या माझ्या स्कूटरच्या डिकीतून गेल्या होत्या आणि टोपणं सैल होती. पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं. हवेतली वार्षिक मर्यादा मात्र घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम. तेव्हापासून कोरी नळी नसेल तर मी रिपोर्ट वाचतही नाही.

धुळीतल्या धातूंचं गणित याहून नाजूक. मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढणारं यंत्र २४ तासांत जेमतेम २४ घनमीटर ओढतं. आर्सेनिकची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६ नॅनोग्रॅम, म्हणजे मर्यादेइतकं आर्सेनिक असलं तरी अख्ख्या फिल्टरवर मिळून १४४ नॅनोग्रॅम. फिल्टर बोटांनी उचलू नका, चिमटा वापरा. पंप खरंच किती वेळ चालला तेही मीटरवर बघा. आवाजाला वैतागून वॉचमनने रात्री प्लग काढला आणि तुम्ही २४ तासांनीच भागलंत, तर हवा फुकटात स्वच्छ ठरते.

पावसाळ्यात स्वस्त सेन्सरवर भिस्त ठेवू नका. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि पीएम २.५ (हवेतली अतिसूक्ष्म धूळ) वाढलेलं दिसतं. फिल्टरही आधी आणि नंतर सारख्याच आर्द्रतेत ठेवून मगच तोला.

मातीत पहिली चूक जागेची. जुन्या इमारतीच्या भिंतीला लागून किंवा पन्हळीखाली खणलं तर शिसं सापडेलच, पण ते रंगाच्या पोपड्यांचं. दुसरी चूक हत्याराची: जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात माती कालवायची आणि जस्त जास्त आलं म्हणून ओरडायचं. धातूंसाठी प्लास्टिकचं खुरपं बरं. सेंद्रिय रसायनांसाठी (कीटकनाशकं, तेलं वगैरे) मात्र प्लास्टिक नको. गडद काचेची बाटली घ्या आणि बर्फात ठेवून न्या.

क्रोमियम, निकेल जास्त दिसलं तरी लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नका. आपला काळा पाषाण बेसॉल्ट आहे, त्याच्या मातीत हे धातू मुळातच बऱ्यापैकी असतात. त्यात मुंबईची कितीतरी जमीन भरावाची, माती कुठली कोण जाणे! त्याच भागातल्या, पण रस्त्या-कारखान्यापासून लांबच्या मातीचा एक नमुना तुलनेला घ्याच.

‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे. शोधमर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेला कमीत कमी किती ओळखता येतं, ती किती होती ते विचारा. आणि लेबलं पेन्सिलीने लिहा. जुलैत आमच्या सहा बाटल्यांवर नुसते निळे डाग उरले होते.