जेडचे बोन्साय: कांडीपासून ताटलीपर्यंत

रोपवाटिकेत जेड म्हणून दोन वेगळी झाडे मिळतात. लहान गोल पाने, तांबूस लवचीक फांद्या असतील तर ते पोर्टुलाकारिया आफ्रा. पाने मोठी, जाड आणि फांद्या फुगीर, कटकन मोडणाऱ्या असतील तर क्रासुला ओवाटा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची. बोन्साय करायचे तर पहिले घ्या. त्याची पाने मुळातच लहान असतात, छाटल्यावर फूट भराभर येते आणि फांद्या आकारासाठी गुंडाळलेली तार सोसतात. क्रासुलाला तार लावू नका, त्याला फक्त छाटून आकार द्या.

दोन्ही झाडे खोडात आणि पानांत पाणी साठवतात. त्यामुळे पाणी कमी पडून ती सहसा मरत नाहीत, कुजून मरतात. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या भरपूर पावसात ही गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. कोरड्या अथणीकडे मात्र हेच झाड बरेच दिवस उघड्यावर राहू शकते. म्हणून पाण्याचे वेळापत्रक दुसऱ्याचे पाहून ठरवू नका. बोट दोन पेरे मातीत घाला, आत कोरडे लागले तरच पाणी द्या आणि देताना तळातून निथळेपर्यंत द्या.

कांड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा हस्त संपल्यावर लावाव्यात. मृग लागल्यावर लावलेल्या कांड्या मुळे फुटण्याआधीच कुजण्याची भीती असते. पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंमी लांब कांडी धारदार कात्रीने कापा, खालच्या ५ सेंमीवरची पाने काढा आणि सावलीत उघडी ठेवा. बारीक कांडीला ५-७ दिवस, अंगठ्याएवढ्या जाड कांडीला दोन आठवडे लागतात. कापलेल्या तोंडाला नख लावून पाहा: कडक, कोरडी खपली लागली पाहिजे. ओलसर लागले तर आणखी थांबा. मग किंचित ओल्या मिश्रणात (ते पुढे दिले आहे) ३-४ सेंमी खोल रोवा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. पाने थोडी सुरकुततील, घाबरू नका. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. क्रासुला नुसत्या पानापासूनही होते. पोर्टुलाकारियाच्या पानाला मुळे फुटली तरी कोंब येईलच असे नाही, त्यात वेळ घालवू नका.

निपाणी-चिकोडीकडची काळी माती कुंडीत अजिबात नको. ती ओल धरून ठेवते, सुकली की दगडासारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे त्याहून चांगला माल सहज मिळतो: खानापूरच्या कौलांचे किंवा विटांचे तुकडे आणि कडक जांभ्याची खडी. कौले कुटून ३ ते ६ मिमीचे दाणे चाळून घ्या. खालची भुकटी फेकून द्या, कारण तीच भोके बुजवते. दाणे दोन भाग, जांभ्याची खडी एक भाग, चाळलेले गांडूळखत एक भाग, शिवाय मूठभर कोळशाचे तुकडे. जास्त पावसाच्या भागात गांडूळखत अर्ध्यावर आणा.

मुळे धरली की लगेच उथळ ताटलीत लावायची घाई बहुतेकांना होते, आणि खोड बारीकच राहते. खोड भरायला झाडाला मोकळी वाढ लागते. ८-१० इंची कुंडीत, भरपूर उन्हात दोन-तीन वर्षे राहू द्या, शेंडा धावू द्या, मग हव्या त्या उंचीवर कापा.

छाटणीची सगळी गंमत पानांच्या जोड्यांत आहे. पाने समोरासमोर येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. जोडीच्या वर कापले की त्या दोन पानांच्या बगलेतून दोन फांद्या निघतात. त्यामुळे कापण्याआधीच फूट कुठे येणार ते दिसते. फांदी आडवी पसरवायची असेल तर डावी-उजवीकडे तोंड असलेल्या जोडीवर कापा. वर-खाली तोंड असलेल्या जोडीवर कापले तर एक कोंब आकाशाकडे, एक जमिनीकडे जातो आणि दोन्ही काढावे लागतात. चार-पाच जोड्या वाढू द्याव्यात, मग एक-दोनवर आणावे. हे वर्षभर चालू ठेवले की फांद्यांचे जाळे दाट होते.

तार ॲल्युमिनियमची, १.५ ते २.५ मिमी. लावण्याआधी चार-पाच दिवस पाणी तोडा. पाण्याने तट्ट भरलेली फांदी मोडते, थोडी मलूल झालेली वाकते. तार सैलसर गुंडाळा आणि चार-सहा आठवड्यांत काढा, नाहीतर ती सालीत रुतते.

जून ते सप्टेंबर कुंड्या पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी, पण उजेडात ठेवा. अंधाऱ्या व्हरांड्यात फांद्या लांबट, पिवळट होतात. एप्रिल-मेच्या वळवालाही जपा: तापलेल्या कुंडीत पाणी साचले की मुळे लवकर जातात. पाने पिवळी पडून गळू लागली तर बुडखा अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला तर मुळे गेली. वरच्या कडक भागाच्या कांड्या लगेच काढा, आत तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापत जा. बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा.

ताटलीत लावणे मार्चमध्ये. आधी माती पूर्ण सुकू द्या, मुळांचा तिसरा हिस्सा कापा, झाड तळाच्या भोकांतून काढलेल्या तारेने बांधा. इतर बोन्सायला लावल्याबरोबर पाणी देतात, इथे पाच-सात दिवस थांबायचे. कापलेली मुळे सुकली की पहिले पाणी. खत त्यानंतर महिन्याने, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत, लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पावसाळ्यात खत बंद.