जुनी हातबनावटीची गिटार घेताय? आधी मान बघा, नाव नंतर

मागच्या महिन्यात मावसभावाचा पुण्याहून फोन, "दादा, ऑफिसच्या कामाने टोरोंटोला येतोय, तिकडे सत्तरच्या दशकातली लॅरिवे गिटार मिळते म्हणे, एक बघून ठेव ना." बघून ठेव म्हणे, जशी काय मंडईतली कोथिंबीर. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला आधीही दोघांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी अर्धं सांगायचं राहून जातं.

आधी टोरोंटोच का ते. एडगर म्योंख नावाचे जर्मन कारागीर इथे क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारी बनवायचे, साठच्या दशकाच्या शेवटी जाँ लॅरिवे त्यांच्याकडे शिकला, मग स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि १९७१च्या सुमारास स्टीलच्या तारांची गिटार बनवायला लागला. त्याच्या हाताखाली जी पोरं शिकली त्यात ग्रिट लास्किन आणि लिंडा मॅन्झर. मॅन्झर म्हणजे तीच, जिने जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी ४२ तारांची पिकासो गिटार बनवली. लॅरिवे १९७७ मध्ये व्हिक्टोरियाला गेला आणि पुढे मोठी फॅक्टरी झाली. म्हणजे टोरोंटोची ती थोडी वर्षं हीच खरी 'सुरुवातीची' वर्षं. २०१७ मध्ये या जुन्या मंडळींपैकी सात जणांनी कॅनडाच्या ग्रुप ऑफ सेव्हन चित्रकारांवर एकेक गिटार बनवली होती, क्लाइनबर्गच्या मॅकमायकल म्युझियममध्ये प्रदर्शन होतं. काचेपलीकडून बघून काय कळणार म्हणा, पण गर्दी होती.

आता मुद्द्याचं. सुरुवातीची गिटार म्हणजे सगळ्यात चांगली गिटार नव्हे. विकणारा असं बोलतो जणू पहिल्या वीस गिटारीत कारागिराचा आत्माच ओतलाय, पण खरं तर तो तेव्हा शिकत होता! टॉप म्हणजे वरची फळी किती पातळ करायची, आतल्या पट्ट्या किती तासायच्या, हे सगळं त्याने त्याच गिटारींवर करून बघितलेलं असतं. लॅरिवेने क्लासिकलकडून आल्यामुळे आतली पट्ट्यांची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी ठेवली, मार्टिन या अमेरिकी कंपनीसारखी तिरकी नाही, आणि तो प्रयोग जमला. सगळ्यांचे जमले नाहीत. काही गिटारी इतक्या हलक्या बनल्यात की आवाज स्वर्गीय पण ब्रिजच्या (टॉपवरचं तारा अडकवायचं लाकूड) मागे टॉप पुरीसारखा फुगलाय. थोडा फुगवटा चालतो, तारांचा ताण असतोच, पण ब्रिजच्या पुढे खड्डा आणि मागे टेकडी असं दिसलं तर हात आखडता घ्यायचा.

सगळ्यात आधी मान. चाळीस-पन्नास वर्षं तारा ओढत राहिल्या की मान (नेक) हळूहळू पुढे झुकते आणि तारा वर जातात, हा गिटारीचा दोष नाही, वय आहे. प्रश्न एवढाच की दुरुस्तीचे पैसे कोण भरणार. एक लांब सरळ पट्टी घ्या, नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकापासून, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्या) सरळ ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम घासून गेलं तर मान ठीक. टोक ब्रिजच्या अंगावर, म्हणजे माथ्याच्या खाली आदळलं तर मान पडलीये, नेक रीसेट, म्हणजे मान सोडवून पुन्हा नीट कोनात बसवणं लागणार. इकडे त्याला साधारण पाचशे ते हजार डॉलर लागतात, कधी जास्तही. मग सॅडल बघा, ब्रिजच्या वर तारा टेकतात ती हाडाची पट्टी तीन मिलीमीटर तरी दिसायला हवी. अर्धा मिलीमीटर उरलीये आणि तरी तारा वर आहेत, म्हणजे आधीच्या मालकाने सॅडल घासून घासून वेळ मारून नेलीये आणि आता घासायला काही शिल्लक नाही. याच्यापुढची चलाखी म्हणजे ब्रिजचं लाकूडच रंधून पातळ केलेलं असतं, ते दिसलं की समजा हिशोब अजून वाढला.

दुरून घेत असाल तर विकणाऱ्याला सांगा, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) एकावर एक ठेवून बाजूने फोटो पाठव. दोन कॅनेडियन क्वार्टर मिळून तीन मिलीमीटरच्या थोडी वर जाडी होते. नाणी आरामात मावून वर फट दिसली तर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बरीच वर आहे, जाड तारेला अडीच मिलीमीटरच्या आसपास हवी. फोटो पाठवायला कां-कूं करत असेल तर तेही उत्तरच.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. क्लासिकलवाल्या गुरूकडे शिकलेल्या बऱ्याच कारागिरांनी मान स्पॅनिश पद्धतीने बसवली, म्हणजे गिटारीच्या बाजूच्या फळ्या थेट मानेच्या बुंध्यातल्या खाचेत. अशी मान वाफ देऊन सुटी होत नाही, रीसेट करायचा तर मागची पाठ उघडावी लागते किंवा आणखी काही उपद्व्याप. म्हणून जोड कसला आहे हे विचारल्याशिवाय "रीसेट करून घेऊ नंतर" असं म्हणायचं नाही. ट्रस रॉडचंही (मान सरळ ठेवणारा आतला धातूचा दांडा) तेच, त्या काळातल्या कितीतरी गिटारीत तो पाना लावून फिरवता येणाराच नसतो, आत नुसती पट्टी बसवलेली. मान सरळ असेल तर काही बिघडत नाही, वाकलेली असेल तर पाना शोधत बसू नका.

मग आतून. फोनचा टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा, बस. तारा सैल करून आरसा भोकातून आत, वरच्या फळीची खालची बाजू बघायची. पट्टी कुठे सुटलीये का, डिंकाचे ओघळ आहेत का, ब्रिजखालच्या तुकड्यात तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी बिळं केलीयेत का. आणि बोटाच्या पेराने सगळीकडे हळू टकटक करा. आमच्या घरी मिरजेचा तानपुरा होता, आजोबा भोपळ्यावर टिचकी मारून कान लावायचे, अगदी तसंच. घट्ट जागी 'टुम्म' येतं, सुटलेल्या पट्टीपाशी 'टर्र' असा फाटका आवाज. ब्रिजखाली पातळ कागद सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज उचललाय.

मी माझी पहिली अशी गिटार घेतली तेव्हा यातलं काही केलं नाही हो. फेब्रुवारी, उणे अठरा, दोन तास गाडी चालवून गेलेलो, बाईंनी चहा दिला, कुत्रा मांडीवर येऊन बसला, लेबलवर पेनने सही बघितली आणि मी गेलोच. घरी येऊन तिसऱ्या तारेवरचा ए वाजवला की कुठेतरी माशी अडकल्यासारखी भुणभुण. आठवडाभर मी फ्रेटला दोष देत होतो. शेवटी दुरुस्तीवाल्याने एका टकटकीत सांगितलं, आतली पट्टी सुटलीये. १२० डॉलर आणि तीन आठवडे. सुटलेली पट्टी ही मोठी गोष्ट नाही, चिकटते, पण ते १२० डॉलर किंमत ठरवताना कमी करता आले असते.

तडे बघा पण घाबरू नका. इकडे हिवाळ्यात हीटरने घरातली हवा पार कोरडी पडते, त्यात पन्नास हिवाळे काढलेल्या लाकडाला एकही तडा नसेल तर मला उलट संशय येतो. तडा नीट चिकटवून आतून छोटे तुकडे लावलेत का एवढंच बघायचं. फ्रेटची टोकं मानेच्या कडेने बोटाला टोचत असतील तर गिटार वाळलीये. आणि पुन्हा पॉलिश केलेली असेल, कितीही चकचकीत असो, किंमत निम्म्यावर येते असं इथले व्यापारी धरून चालतात, त्यामुळे तुम्हीही धरा. खुंट्या बदलल्या असतील तर मला तरी फरक पडत नाही, जुन्या केसमध्ये पडल्या असतील तर मागून घ्या.

लाकडावर मात्र कान टवकारा. "ब्राझिलियन रोझवूड आहे" हे वाक्य ऐकलं की किंमत दुपटीने वाढते. नुसत्या डोळ्यांनी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि त्या काळातल्या पुष्कळ गिटारी भारतीय रोझवूडच्या आहेत, म्हणजे आपलं शिसवी, आजीच्या पलंगाचं. मार्टिनसुद्धा १९६९च्या शेवटी तिकडेच वळलं. म्हणून ब्राझिलियनचा दावा असेल तर कारागिराचा लेखी कागद मागा. शिवाय ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, देशाबाहेर न्यायचं तर परमिट लागतं, विमानतळावर अडवली तर रडून उपयोग नाही. शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून ती कटकट उरलेली नाही. मावसभावाला मी स्पष्ट सांगितलं, तुला शिसवीचीच.

लेबलवरचा नंबर आणि वर्ष लिहून घ्या आणि कारागीर हयात असेल तर सरळ ईमेल करा. हे लोक एकटे काम करतात, वहीत नोंद ठेवतात, कितीदा स्वतः उत्तर देतात. कोणतं लाकूड, कसला जोड, कोणत्या तारा लावू, हे तीन प्रश्न विचारा, किंमत विचारू नका, ती त्यांना आवडत नाही आणि माहीतही नसते. तारांचं उत्तर नीट ऐका. हलक्या बांधणीच्या गिटारीवर दुकानदाराच्या सांगण्यावरून तेराचा (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच) जाड सेट चढवला तर टॉपचं काय होईल ते वर लिहिलंच आहे.

वाजवून बघताना तुमचं नेहमीचं एकच गाणं वाजवा, आधी हळू मग जोरात, आणि मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं लागतात, विकणारा चुळबुळ करतो, करू दे. ४८ तासांत परत घेणार का हे पैसे देण्याआधी विचारा आणि मेसेजमध्ये लिहून घ्या.

हिवाळ्यात कुरिअरने आली तर खोका घरात आणून केस बंदच ठेवायची, पूर्ण एक दिवस. थंडगार गिटार गरम खोलीत उघडली तर पॉलिशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. मावसभाऊ ती पुण्याला नेणार म्हणजे उलटा खेळ, जूनमध्ये हवेतलं पाणी पिऊन टॉप फुगणार, तर केसमध्ये ओलावा मोजायचं छोटं मीटर आणि पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या, काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. तो म्हणाला, "दादा एवढं तर मी बाळाचंही केलं नाही." वहिनी मागून काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही.