इंग्रजी अर्ज पाठवण्याआधी अपॉस्ट्रॉफी तपासून घ्या

बायोडेटा आणि सोबतचं पत्र लिहून झालं की प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि एकदा फक्त अपॉस्ट्रॉफीसाठी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणाऱ्या (’) या चिन्हासाठी वाचा. त्या वाचनात बाकी काही दुरुस्त करू नका, लक्ष विचलित होतं.

आधी 'डोन्ट', 'कान्ट' अशी आखूड रूपं शोधा. इथलं चिन्ह म्हणजे गळालेल्या अक्षराची खूण. 'सोऽहम्'मध्ये अवग्रह 'अ'ची जागा राखतो, तसंच हे. 'नॉट'मधला 'ओ' गेला म्हणून ते 'एन' आणि 'टी' यांच्या मधेच हवं. औपचारिक पत्रात मात्र पूर्ण रूप लिहावं, ते शोभतं.

मग 'इट्स'. इथे घाई नको. 'चा-ची-चे' आला की चिन्ह, हा आडाखा नामांपुरता ठीक, पण सर्वनामांना तो लागू नाही. 'हिज'ला चिन्ह नसतं, तसं 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'लाही नसतं. प्रत्येक ठिकाणी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य मोठ्यानं म्हणा. जुळलं तर चिन्ह ठेवा, नाहीतर खोडा. फोनवर टाइप केलं असेल तर दोनदा पाहा, तो आपल्या मनानं चिन्ह घालतो.

आता शिक्षण आणि अनुभवाच्या ओळी, कारण अर्ज वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबते. 'मास्टर्स डिग्री'त चिन्ह 'एस'च्या आधी. 'मास्टर ऑफ सायन्स' लिहिलं तर नकोच. 'थ्री इयर्स एक्स्पीरियन्स'मध्ये वर्षं अनेक, म्हणून ते 'एस'च्या नंतर. एकच वर्ष असेल तर आधी. मला विचाराल तर 'थ्री इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स' लिहावं. चिन्ह लागत नाही आणि वाचायलाही सरळ.

साध्या अनेकवचनाला चिन्ह नाही: एनजीओज, प्रोजेक्ट्स, १९९०चं दशकसुद्धा.

शेवटी नावं. ती नियमानं सुधारू नका, संस्था लिहिते तशीच उतरवा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे. ब्रिटनच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली ती काढून टाकली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट स्थानकाच्या नावात ती आहे आणि लगतच्याच बॅरन्स कोर्टच्या नावात नाही. म्हणून अर्ज जिथे पाठवायचा त्या संस्थेचं संकेतस्थळ उघडून नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा.